शिवलिंगप्पा वस्तादांची पारख

मुरुम गावच्या तालमीची वही मी बारा वर्षं लिहिली. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या असत: कोण आला, किती जोर-बैठका मारल्या आणि कोण कुणाकडून पडला. बाकी जे घडे ते मी समासात टिपून ठेवी. पहिल्या वर्षी समास जवळजवळ कोराच होता. चौथ्या वर्षी ओळी संपून समास कुठं सुरू होतो तेच कळेना. आता वही काढली की जोर-बैठका कुणी वाचत नाही, मित्र समासच वाचायला मागतात. म्हणून त्यातलं थोडं सलग उतरवून काढतो आहे.

आधी एवढं सांगतो. वस्ताद म्हणजे शिवलिंगप्पा. घरात कानडी, पेठेत मराठी आणि सरकारी माणसाशी हिंदुस्थानी बोलत. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वहीला मी. मी एका आडत दुकानात मुनीम होतो, पोत्यांवरची नावं वाचत वाचत अक्षर शिकलेलो. मी तालमीत येण्याआधी वस्तादांनी दोन पैलवान हाताखाली घेतले होते. दोघांनाही घरच्यांनी हट्ट करून लवकर जत्रेत उतरवलं. एकाचा गुडघा गेला, दुसऱ्याचं मन. वस्ताद म्हणत, "आता एकच घडवायचा. तो बी कच्चा मोडला तर तालमीला कुलूप लावून शेतात जातो."

तो एक म्हणजे मल्लू.

* * *

मल्लू सापडला जनावरांच्या बाजारात. वस्तादांना बैल घ्यायचा नसे. ते दर बाजारी तिथं उभे राहत आणि जनावरं सोडून जनावरं धरणारी माणसं बघत. त्या दिवशी एक खोंड उधळलं. कासऱ्याला अकरा-बारा वर्षांचं पोरगं. खोंडानं त्याला बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पळवलं. लोक म्हणायले, "सोड, सोड." पोरानं कासरा सोडला नाही आणि ओढलाही नाही. खोंड वळेल तसं वळत, पावलं बदलत ते पळत राहिलं. शेवटी खोंडच थांबलं.

वस्ताद त्याच्यापाशी गेले. "धरून ठेवलंस ते ठीक. ओढलं का न्हाईस?"

"त्येला ओढून कोण जिंकतंय? दमल्यावर थांबतंय की आपसूक."

वस्ताद माझ्याकडं वळले. "नागू, नाव लिही ह्याचं."

मी म्हणालो, "वस्ताद, ह्याच्या अंगावर तर काहीच नाही."

"अंग दुधानं येतंय. हे दुधानं येत न्हाई. लिही."

* * *

मल्लूचे वडील भीमण्णा हे बेताच्या जमिनीचे शेतकरी, आणि जीभ जमिनीपेक्षा मोठी. तालमीच्या दारात बसून त्यांनी पहिलाच सवाल केला, "किती दिवसांत पैलवान करून देता?"

"नऊ वर्षं लागतील."

"नऊ वर्षांत मी दुसरा पोरगा वाढवून कामाला लावीन की."

"लावा. मग त्येला बी घेऊन या."

भीमण्णांच्या अटी दोन. पेरणीला आणि राशीला, म्हणजे मळणीला, पोरगा घरी पाहिजे, आणि मनात आलं की कुठल्याही दिवशी त्याला कायमचा परत नेणार. वस्तादांनी दोन्ही मान्य केल्या. त्यांची स्वतःची अट एकच होती. "मी म्हणेपर्यंत जत्रेत उतरवायचा न्हाई. कुणी बी सांगितलं तरी. तुम्ही सांगितलं तरी."

"मी कशाला सांगायलोय?" भीमण्णा म्हणाले.

पोराला जत्रेत उतरवा असं सर्वांत आधी भीमण्णांनीच सांगितलं. पुढच्याच वर्षी. वहीत तिथीसकट आहे.

* * *

पहिलं वर्षभर मल्लूला कुस्ती नव्हती. हातात फावडं होतं. तालमीची माती रोज उकरायची, खालची वर करायची, ढेकळं फोडायची. बाकीचे पैलवान अंग तिंबून घेत बसायचे आणि म्हणायचे, "मल्लू, विहीर लागली का रे?" मल्लू म्हणायचा, "ओल लागलीय."

एकदा भीमण्णा अचानक आले आणि पोराला खणताना बघून उंबऱ्यातच थांबले. "वस्ताद, हेच करायचं होतं तर माझं रान काय वाईट होतं? तिथं निदान ज्वारी तरी उगवली असती."

वस्ताद म्हणाले, "रानात तो उजव्या हातानं खणत होता."

भीमण्णांनी परत बघितलं. पोरगं डावा हात पुढं धरून खणत होतं. एक महिना डावा, एक महिना उजवा, असं वस्तादांनी लावून दिलं होतं.

"मग? डावखुरा करून पाठवणार काय?"

"न्हाई. समोरच्याला कळायला नको, डावखुरा का उजवा ते."

घरी जाऊन आठवडाभर भीमण्णांनी डाव्या हातानं कुळव धरून बघितला आणि बैलांनी रानात दोन ओळी वाकड्या घातल्या, असं त्यांच्या गड्यानं मला सांगितलं. भीमण्णा स्वतः हे कबूल करत नाहीत.

* * *

दुसऱ्या वर्षी कुस्ती सुरू झाली ती फक्त मोठ्यांशी. त्याच्या जोडीचा कुणीच द्यायचा नाही, हा वस्तादांचा कायदा. मल्लू रोज पडायचा. मी रोज लिहायचो: मल्लू, हरला. मल्लू, हरला. पुढं कंटाळून त्याच्याखाली दोन-दोन टिंबं द्यायला लागलो. मुनीमगिरीत तसंच चालतं.

वस्तादांना वाचता येत नसलं तरी नजर तीक्ष्ण. एक दिवस पान बघून म्हणाले, "हे मुंग्यांवानी काय काढलंस?"

"वस्ताद, त्याचा अर्थ वरच्यासारखंच."

"वरच्यासारखं कसं? सोमवारी खांद्यावर पडला. मंगळवारी कुशीवर. काल पडायच्या आधी वळायला बघत होता. नीट लिही सगळं."

तेव्हापासून मी लिहायला लागलो. माणूस किती तऱ्हांनी पडतो याची माझ्याकडं दीड वही भरली आहे. पोटावर पडला. एका हातावर तोलला, मग पडला. पडता पडता वरच्याला खाली घेतलं, मग पडला. तिसऱ्या वर्षीच्या एका पानावर मी लिहिलं आहे: आज मल्लू पडला नाही. समोरचाही पडला नाही. दोघंही दमून मातीत बसले.

ते वाचून दाखवल्यावर वस्ताद म्हणाले, "आता कुस्ती शिकवायला हरकत न्हाई."

* * *

आता माझी चूक. दर महिन्याला पैलवानांची वजनं घ्यायची ती आमच्या दुकानात, काट्यावर. दुकानात काटे दोन होते. एकावर शेतकऱ्यांचा माल घेतला जायचा, दुसऱ्यावरून गिऱ्हाइकाला दिला जायचा. याहून जास्त लिहीत नाही.

पैलवानांना मी घ्यायच्या काट्यावर बसवत होतो. तो दाराजवळ होता म्हणून.

दोन वर्षं मल्लूचं वजन हवं तसं वाढेना. वस्तादांनी दूध वाढवलं. बदाम वाढवले. परत काट्यावर बसवलं, परत कमीच. वस्ताद रात्रंदिवस त्याच काळजीत. "पोराच्या पोटात काय हाय? जातंय कुठं सगळं?" वैद्याला दाखवलं. वैद्यानं जंताचं औषध दिलं. मल्लू बिचारा जेवून जेवून घामाघूम व्हायचा.

मग एकदा सरकी काढायच्या कारखान्यात गेलो असता गंमत म्हणून तिथल्या काट्यावर सगळे बसले, आणि मल्लू एका झटक्यात बरेच शेर जास्त भरला. मला लगेच कळलं. शेवटी मीच वस्तादांना सांगितलं, की आमचा घ्यायचा काटा मुद्दाम कमी दाखवतो.

वस्तादांनी मल्लूला खालून वर न्याहाळलं. ठरवल्यापेक्षा तो एक घेर जास्त झाला होता, आणि ते सगळं चांगल्या मेहनतीवर चढलेलं अंग होतं.

"नागू," ते म्हणाले, "लबाडी तुझ्या शेठची, अन् अंगी लागली माझ्या पोराच्या."

* * *

तहसीलदार साहेबांना कुस्तीचा भारी नाद. निजामी राजवटीत तहसीलदारानं एखादी गोष्ट मागितली म्हणजे ती नाही म्हणायची नसते. पाचव्या वर्षी त्यांनी मल्लूला तालमीत बघितलं आणि जवळच्या जत्रेत उतरवायला सांगितलं, तेही एका नावाजलेल्या, तिशीतल्या पैलवानासमोर. मल्लू सोळा-सतराचा.

वस्ताद हात जोडून म्हणाले, "हुजूर, अभी कच्चा है."

"कच्चा? हमको तो पक्का दिखता."

"ऊपर से पक्का, हुजूर. अंदर कच्चा."

साहेब खट्टू झाले, पण आंब्याचे शौकीन होते. आढीतलं फळ दाबून बघू नये एवढं त्यांना कळत होतं. त्यानंतर दर दौऱ्याला ते तालमीत डोकावून विचारत, "क्यों, अभी भी कच्चा?" वस्ताद म्हणत, "जी हुजूर." असं दोन वर्षं चाललं.

भीमण्णांना हे कळल्यावर ते तणतणत आले. "साहेब स्वतः म्हणतात अन् तुम्ही न्हाई म्हणता? पोरगं घरी नेतो मी."

"न्या," वस्ताद म्हणाले. "पण नेऊन शेतातच ठेवा. जत्रेत घालू नका. शेतात गुडघा शाबूत राहतो."

भीमण्णा त्या दिवशी पोराला न घेता परत गेले. म्हणाले, गाडीत जागा नव्हती. गाडी रिकामी होती.

पुढं साहेबांची बदली झाली. नवे साहेब रुजू झाले आणि पहिल्याच दौऱ्यात चावडीवर त्यांनी विचारलं, "वो कच्चा पहलवान कौन है?" जाताना जुन्या साहेबांनी कारभारासोबत हीही माहिती दिली होती म्हणे. तेव्हापासून तालुकाभर मल्लूचं नाव कच्चा पैलवान. पुढं वस्तादांनी हो म्हटल्यावर त्यानं आमच्या भागातल्या जत्रा एकामागून एक मारल्या तरी हलगीवाला पुकारायचा तेच, "कच्चा पैलवान, मुरुम." नवखे पैलवान ते ऐकून खुशीत हात मिळवायचे.

* * *

निजामी राजवटीच्या शेवटच्या वर्षी सगळीकडं धामधूम होती. चार माणसं एकत्र जमली तरी चौकशी व्हायची. तालीम बंद ठेवावी लागली. मल्लू गावी, शेतात. वस्तादांच्या जिवाला घोर. हातातला पैलवान चार महिने मोकळा राहिला तर चार वर्षं मागं जातो, म्हणत. शेवटी एका पहाटे ते चालत निघाले, मी सोबत.

पोचलो तेव्हा मल्लू गोठ्यामागं बैठका मारत होता, आणि बाजेवर बसून भीमण्णा ज्वारीचे दाणे एका ढिगातून दुसऱ्या ढिगात टाकत मोजत होते. आम्हाला बघून उठलेही नाहीत.

"बसा वस्ताद. मधी बोलू नका. काल ह्यानं वीस बैठका खाल्ल्या."

* * *

राजवट गेली, तालीम उघडली, नववं वर्ष लागलं. आमच्या भागात मल्लूला जोड उरली नाही. वस्ताद मला म्हणाले, "माझ्यापाशी होतं ते संपलं. आता कोल्हापूरकडं लिही." मी पत्र लिहिलं. तिकडचे एक मोठे वस्ताद बाजाराच्या दिवशी सकाळच्या मोटारीनं आले. त्यांनी घेतलं तर मल्लू पुढं जाणार, नाहीतर इथल्याच जत्रा मारत म्हातारा होणार, हे तालमीत सगळ्यांना माहीत होतं. भीमण्णाही येऊन कोपऱ्यात बसले होते.

मल्लूनं तालमीतले तिघं एकामागून एक पाडले. पाहुण्यांनी मान हलवली. "हे रोजचेच. ह्यांचे डाव त्याला ठाऊक, त्याचे ह्यांना. ह्यात मला काय कळणार? दुसरा कुणी हाय का?"

दुसरा कुणी नव्हता. पाहुण्यांनी परतीच्या मोटारीची वेळ विचारली.

आमच्या वस्तादांनी सदरा काढून खुंटीला अडकवला आणि लांग कसली. वय पंचावन्नच्या पुढं. उभ्या हयातीत त्यांची पाठ कुणी मातीला लावली नाही, असं गाव सांगायचं.

मल्लू मागं सरला. "वस्ताद, तुमच्यावर हात टाकायचा न्हाई मला."

"टाकायचा. राखून खेळलास तर मला कळंल, अन् ह्यांना बी कळंल."

पहिल्या खेपेला वस्तादांनी त्याला गुडघ्यावर आणलं. पाहुणे पुढं सरकून बसले. दुसऱ्या खेपेला मल्लू निसटला. तिसऱ्या खेपेला वस्तादांनी असा एक डाव टाकला जो मी तालमीत कधीच बघितला नव्हता. त्यांनी तो कुणाला शिकवलाच नव्हता. मल्लू त्या डावासोबत गेला, वळला, आणि वस्ताद खाली आले. दोन्ही खांदे टेकले.

पाहुणे उठले. "ह्याचे कपडे भरायला सांगा," एवढंच म्हणाले.

पडलेला पैलवान आधी पाठीची माती झाडतो, मग माणसांत येतो, ही सगळीकडची रीत. मल्लू पंचा घेऊन धावला. डोळे भरलेले होते. वस्तादांनी त्याचा हात बाजूला केला, खुंटीवरचा सदरा काढून खांद्यावर टाकला आणि उघड्या अंगानं बाहेर पडले.

तालमीमागच्या बोळातून त्यांचं घर पन्नास पावलांवर होतं. ते पेठेच्या रस्त्याला लागले. बाजार भरलेला. कापडवाल्याशी बोलले, भुसारवाल्याला पावसाचं विचारलं, प्रत्येक दुकानापुढं थांबत निघाले. मी मागून चाललो होतो. लोक बघत होते. पानवाल्याला राहवलं नाही. हळूच म्हणाला, "वस्ताद, पाठीला माती लागलीय."

"व्हय," वस्ताद म्हणाले. "मल्लूनं लावली."

आणि पुढच्या दुकानापुढं जाऊन, त्याच्याकडं पाठ करून उभे राहिले.