दगा बोरसे यांनी मोजलेले मैदान

२२ सप्टेंबर १९९० रोजी बीजिंगमध्ये अकरावी आशियाई क्रीडास्पर्धा सुरू झाली. त्या स्पर्धेत कबड्डी प्रथमच पदकासाठी खेळली गेली आणि सुवर्णपदक भारताने जिंकले. एवढे कोणत्याही जुन्या वर्तमानपत्रात पडताळून पाहता येते. त्या पदकापायी सुरतेतल्या उधन्यात जे घडले, ते मात्र कुठेही छापून आलेले नाही. त्याला आधार दोनच आहेत. एक म्हणजे भगवंत शिरसाट या रेल्वे कामगाराने जपून ठेवलेली फाइल आणि दुसरा, सुषमा बोरसेची आठवण. सर्वांत महत्त्वाच्या जागी हे दोन आधार एकमेकांशी जुळत नाहीत.

सुषमाचे वडील दगा बोरसे मूळचे पारोळा तालुक्यातले. १९७४ साली ते सुरतेला आले आणि उधन्याच्या एका लूम कारखान्यात लागले. पाच वर्षांनी शेठने त्यांना यंत्रावरून काढून ताके मोजायला बसवले. लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडाच्या लांबलचक गुंडाळीला तिथे ताका म्हणतात. मीटरभर अंतरावर ठोकलेल्या दोन लोखंडी सुयांमध्ये कापड ताणायचे, घडीवर घडी घालायची आणि शेवटी आकडा बोलायचा, हे त्यांचे काम. कारागिराची मजुरी मीटरवर ठरते, त्यामुळे इतर कारखान्यांत या आकड्यावरून रोज हमरीतुमरी होई. दगांच्या टेबलापाशी बारा वर्षांत कोणीही ‘पुन्हा मोजा’ म्हटले नव्हते.

त्यांचे दुसरे वेड कबड्डीचे. स्वतः ते कधी खेळले नाहीत. सुट्टीच्या दिवशी सकाळी चुन्याची पाटी घेऊन ते मैदानाच्या रेषा आखत आणि नंतर रेषेबाहेर उकिडवे बसत. चढाईला गेलेला गडी दम धरी, तेव्हा तेही दम धरीत. गडी परत येईपर्यंत त्यांचा चेहरा लालबुंद होई, आणि बघणारे खेळ सोडून त्यांच्याकडेच पाहून हसत. पदकाच्या त्या हिवाळ्यात उधन्याच्या चाळींतल्या आठ मुलींनी संघ काढला. अठरा वर्षांची सुषमा त्यात चढाईला जाई. मुलीच्या चढाईला वडील दम धरीत, तेव्हा मात्र कोणी हसत नसे.

उषाबाईंनी, म्हणजे सुषमाच्या आईने, खेळायला परवानगी दिली होती ती एका अटीवर. “मी हाक मारी ते आयकू येवाले जोयजे,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी बजावले होते. हाकेच्या टप्प्यात आहे तोवर खेळ, त्यापलीकडे नाही.

मार्च १९९१ मध्ये अडचण आली. कारखान्यांच्या मागच्या ज्या पडीक तुकड्यावर सगळे खेळत, त्याच्या मालकाने उन्हाळ्यानंतर भिंत घालणार असल्याचे कळवले. उधन्याचे तीन, शेजारच्या भेस्तानचा एक आणि त्यापुढच्या सचिन गावचा एक, असे पाच कामगार संघ होते. त्यांनी क्रीडांगणासाठी सरकारी कचेरीत अर्ज केला. उत्तर आले ते स्पष्ट होते, आणि त्याची प्रत फाइलमध्ये आहे. पाचही संघांनी मिळून एकच जागा सुचवावी, तिची लांबी किमान साठ मीटर असावी, मोजमाप सोबत जोडावे. मुदत पंधरा एप्रिल. त्यानंतर जागा बदलता येणार नाही.

जागा दोन होत्या. उधन्यात रेल्वेच्या कुंपणालगत एक पडीक पट्टा होता, उषाबाईंच्या दारातून दिसणारा. भेस्तानला मोकळे माळरान होते, उधन्यापासून पाऊण तास चालत. सभा भरली तेव्हा पाच संघांचे आणि त्यांच्या पाठीराख्यांचे मिळून साठेक लोक जमले. सुषमा मुलींसोबत मागे उभी होती.

“उधन्याची जागा म्हणजे हातरुमाल,” भेस्तानचा कप्तान भूपेंद्र म्हणाला. “जोरात चढाई केली तर गडी थेट रुळावर जाईल. मग त्याला बाद कोण देणार, पंच की गार्ड?”

“आणि तुझ्या भेस्तानला?” उधन्याच्या गोपाळने तोंडास तोंड दिले. “म्हशी उठल्याशिवाय सामना सुरू व्हायचा नाही. भूपेंद्रभाई, तुमच्या संघात सात गडी, त्यातल्या चार म्हशीच आहेत ना?”

हशा पिकला. भूपेंद्रही हसला, पण मागे हटला नाही. “हसा. सुट्टीचं काय करता ते सांगा. तुमचा कारखाना बंद, तेव्हा आमचा चालू. सचिनचा तिसऱ्याच वारी बंद. जागा मोठी असली तर लोक लांबून येतात. रुमालावर कोण येणार?”

“लांबून येतात! बारा तास लूमसमोर उभं राहून आणखी पाऊण तास चालायचं? पाय काय तू देणार?”

हे बराच वेळ चालले. अखेर भगवंत शिरसाट उठले. मूळचे बुलढाण्याकडचे हे गृहस्थ रुळांच्या दुरुस्तीवर होते आणि अक्षर चांगले म्हणून पाचही संघांनी त्यांना चिटणीस केले होते. ते म्हणाले, “भांडून कागद भरत नाही. पाचांपैकी तीन संघ उधन्याचे. उधन्याची जागा साठ मीटर भरली, तर उधना. नाही भरली, तर भेस्तान. मंजूर?”

“मंजूर,” भूपेंद्र म्हणाला. “पण मोजणार दगाकाका. दुसऱ्या कोणाचा आकडा मी मानणार नाही.”

त्याचे हे शब्द फाइलमध्ये नोंदलेले आहेत. भगवंतांनी त्याखाली रेघ ओढली आहे.

घरी उषाबाईंनी जेवण वाढताना विषय संपवला. “भेस्तानलोंग मनी हाक जास का? तठे मैदान व्हयनं ते खेळ बंद. आखाजीले अमळनेरना पाव्हना येतीन, बोलणी करी टाकू.” दगांनी भाकरी मोडली आणि सुषमाकडे एकदा पाहिले. जूनमध्ये जिल्ह्याच्या मुलींच्या निवडीला ती जाणार होती. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, त्याआधी मे महिन्यातच होती.

७ एप्रिलला मोजणी झाली. सुताराच्या टेपने तुकड्यातुकड्याने मोजले तर वाद होईल, म्हणून दगांनी शेठला विचारून एक नवा ताका आणला. आपल्या टेबलावर कापड ताणून त्यांनी त्यावर मीटरामीटराला निळ्या खडूच्या खुणा केल्या होत्या. एक टोक धरायला सुषमाला नेले. भेस्तानला आधी मोजले. त्या टोकाला दगांनी कापड असे ओढले की सुषमाची मूठ दुखू लागली. एकाहत्तर भरले. भेस्तानच्या लोकांनी शिट्या मारल्या.

उधन्याला पोचेपर्यंत सहा वाजून गेले. दिवस उधन्याच्या सुट्टीचा होता, भेस्तानच्या कारागिरांना मात्र सातच्या पाळीला हजर व्हायचे होते. पट्ट्यावर कमरेएवढे गाजरगवत माजले होते आणि मधोमध तुटक्या विटांचा ढीग होता. सुषमा कुंपणाच्या दगडापाशी उकिडवी बसली. तिने कापडाचे टोक दगडाला टेकवून धरले. दगा पलीकडच्या भिंतीकडे निघाले. त्यांची पाठ गवतात लहान होत गेली.

मुठीला ओढ लागली नाही.

सुषमाने मान वर केली. कापड विटांच्या ढिगाला डावीकडून वळसा घालून गेले होते आणि पुढे गवतावर लाटेसारखे वरखाली पडले होते. एकदा ‘ओढा’ म्हणून ओरडले असते, तर ते सरळ झाले असते. तिचा आवाज पलीकडे सहज पोचला असता. तिने दम धरला. चढाईत दम धरतात तसा, फक्त या वेळी तोंडातून शब्द निघत नव्हता.

“साठ!” पलीकडून वडिलांचा आवाज आला. “साठ, वर चार बोटं!”

उधन्याच्या लोकांनी एकच गिल्ला केला. गोपाळने कोणाला तरी खांद्यावर उचलले. भूपेंद्र भिंतीपाशी गेला. “दगाकाका, फरी एक वार मापी लईए?” त्याने विचारले. तोवर दगांचे हात कापडाच्या घड्या घालू लागले होते. त्यांनी वर पाहिले नाही. तेवढ्यात लांबून भेस्तानच्या कारखान्याचा भोंगा ऐकू आला, पाळीला अर्धा तास उरल्याचा. भूपेंद्र हसला, जणू विचारल्याची त्यालाच लाज वाटली. “जाऊ द्या. तुमचा आकडा पुन्हा मोजणार म्हणजे मीच वेडा.” त्याने भगवंतांच्या कागदावर सही केली आणि सायकलीकडे धावला.

त्या कागदावर भगवंतांनी लिहिले आहे: “माप सर्वांसमक्ष, कापड ताणून घेतले.”

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात कचेरीतली दोन माणसे पोलादी टेप घेऊन आली. त्यांनी गवत तुडवले, विटा बाजूला केल्या आणि तीनदा मोजले. तिन्ही वेळा अठ्ठावन्न मीटर ऐंशी सेंटीमीटर भरले. त्यातला वयस्कर माणूस हळहळला. मुदत संपली आहे, दुसरी जागा आता घेता येणार नाही, असे त्याने समजावून सांगितले. त्याच सुमारास भेस्तानच्या माळरानाभोवतीही कोणी तारा ओढल्या.

संध्याकाळी भूपेंद्र दगांच्या दारात आला. तो ओरडला असता तर बरे झाले असते, असे सुषमाला वाटले.

“सव्वा मीटर, काका,” तो म्हणाला. “सव्वा मीटरासाठी पाच संघ गेले. आमचं एकाहत्तर होतं.”

“त्यांची टेप चुकली असेल,” तिथेच बसलेला गोपाळ म्हणाला.

“पोलाद चुकलं आणि कापड बरोबर?”

दगा खाली पाहून म्हणाले, “टेबलावर कापड ताणलेलं असतं. खाली उतरलं की ते आवळतं, खुणा जवळ येतात.”

“मग हे त्या दिवशी का नाही सांगितलंत?”

दगा उठून आत गेले. भूपेंद्र निघून गेला.

त्यानंतर चार दिवसांनी एक कारागीर ताका घेऊन दगांच्या टेबलापाशी आला. त्याने खिशातून गाठी मारलेली दोरी काढली आणि सुयांमधले अंतर मोजले. अंतर बरोबर मीटरभर होते. तो खाली मान घालून गेला. दुसऱ्या दिवशी तिघे दोऱ्या घेऊन आले. आठवडा संपायच्या आत दगांनी शेठला सांगितले, मला परत लूमवर घाला. बारा वर्षे बसून काम केलेला सेहेचाळीस वर्षांचा माणूस पुन्हा बारा तासांच्या पाळीत उभा राहिला. सुट्टीच्या दिवशी ते घरातच भिंतीकडे तोंड करून पडून राहत. चुन्याची पाटी दाराबाहेर उलटी पडून होती.

सुषमाला हे बघवेना. वडील एकटेच दोषी नाहीत, आपल्या मुठीलाही माहीत होते, एवढे तिला सांगायचे होते. घरात आईसमोर जीभ उचलत नव्हती. एका दुपारी ती डबा घेऊन कारखान्यात गेली. चोवीस लूम एकदम खडखडत होते. ती वडिलांच्या अगदी जवळ गेली आणि ओरडली, “आबा, कापड ढिलं व्हतं! माले समजी गयतं! मी बोलनू नही!”

दगांनी धाग्यावरची नजर काढली नाही. त्यांचे ओठ घट्ट मिटलेले होते आणि चेहरा लाल होत गेला. तुटलेला धागा जोडून झाल्यावर त्यांनी श्वास सोडला. “डबा आठे ठेव,” ते म्हणाले.

आखाजीला अमळनेरचे पाहुणे आले. बोलणी एका बैठकीत ठरली. जूनच्या निवडीला आठपैकी कोणीही मुलगी गेली नाही. दगांना हळूहळू कमी ऐकू येऊ लागले. जानेवारी १९९७ मध्ये, उधन्यातच, ते वारले. सुषमा पोचली तेव्हा बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

काय कळत नाही, ते सरळ सांगायला हवे. कापड टेबलावरून उतरल्यावर किती आवळले होते, हे आता मोजता येणार नाही. तो ताका त्याच महिन्यात रंगाईला गेला, त्याच्या साड्या झाल्या आणि त्या कुठे विकल्या गेल्या, याची नोंद नाही. भेस्तानचे एकाहत्तर खरे होते की तेही फुगलेले, हे पडताळण्याची सोय नाही, कारण त्या माळरानावर आता गोदामे आहेत. भगवंतांनी ‘ताणून’ हा शब्द पाहून लिहिला की समजूत म्हणून, हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही. दगांना कापडाची ढील दिसली होती का, दिसली असल्यास त्यांनी ती राहू दिली का, आणि त्या दुपारी लूमच्या आवाजात मुलीचे शब्द त्यांच्या कानापर्यंत पोचले का, या तीन प्रश्नांना उत्तर नाही.