पान फाडलं की नंबर बोंबलतो

माझं पहिलं स्केचबुक धुमाळ सरांच्या हातात दिलं, तेव्हा ते त्यात काहीतरी काढून दाखवतील अशी माझी समजूत होती. त्यांनी खिशातून लाल बॉलपेन काढलं, कपाळावरचा चष्मा नाकावर आणला आणि प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात एक, दोन, तीन असे आकडे घालत सुटले. शंभर पानांची वही होती. मी आपली समोर उभी. मास्तर चित्रकलेचे की गणिताचे, अशी शंका मला तिसाव्या पानाच्या सुमारास आली. शंभर झाल्यावर वही मिटून त्यांनी माझ्याकडे दिली.

"ही आता तुजी. हिच्यात काय बी काढ. वाकडं काढ, वाईट काढ. फकस्त पान फाडू नगं. पान फाडलं की नंबर बोंबलतो."

धुमाळ सर भोरमधल्या एका शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळेत चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या बाईंना पोर्शन पुरा करायला मिळालेली सवलत. सर ते निमूटपणे सोसत आणि शाळा सुटल्यावर, पुढे चित्रकलाच करायची असं डोक्यात घेतलेल्या आम्हा सहा-सात जणांना मागच्या हॉलमध्ये घेऊन बसत. उंच, किडकिडीत माणूस. शर्टाचा खिसा कायम शाईने माखलेला. बोलणं अस्सल गावचं, आणि ते त्यांनी कुणासाठी बदललं नाही. मुख्याध्यापकांच्या खोलीतही 'व्हय' आणि 'न्हाई'च. मी आंबवड्याहून एसटीने येणारी, शहरातल्या मुलींपुढे तोंड उघडायला लाजणारी. सर बोलायला लागले की मला घरी आल्यासारखं वाटायचं.

स्केचबुकाचा त्यांचा दुसरा नियम जास्त जाचक होता. चित्र झालं की खाली तारीख नाही, सही नाही. 'राहिलं' असं लिहायचं आणि त्यापुढे काय राहिलं ते लिहायचं. राहिलं : डावा पाय. राहिलं : शिंगांची लांबी चुकली. राहिलं : म्हातारा हसत होता, ते आलं नाही. ते स्वतः मार्क देत नसत, चूक दाखवत नसत. पान उघडून ही ओळ तेवढी वाचत आणि 'बरूबर' किंवा 'आजून बघ' म्हणत. एकदा मी विचारलं, काहीच राहिलं नाही तर काय लिहायचं? सर म्हणाले, तर पुढची जागा मोकळी सोड. मग जरा थांबून म्हणाले, "माजी आजून सुटली न्हाई."

शनिवारी सकाळची शाळा सुटली की ते आम्हाला एसटी स्टँडवर नेत. माणसं गाडीची वाट बघत बसलेली असायची. ज्याला जो आवडेल तो त्याने काढायचा. गाडी लागली की चित्र संपलं, मग नाक राहो नाहीतर अख्खं मुंडकं. आमच्यातल्या एकाने एकदा शिवऱ्याला जाणाऱ्या एका आजोबांचं फार सुंदर पागोटं काढलं, आणि खाली चेहरा काढायच्या आत गाडी आली. हा पठ्ठ्या धावत ड्रायव्हरकडे गेला आणि दोन मिनिटं गाडी थांबवा, एका पॅसेंजरचं नाक राहिलंय, असं सांगायला लागला. सरांनी ड्रायव्हरची माफी मागितली, पोराला मागे ओढलं आणि वहीत लिहायला लावलं : राहिलं : माणूस.

काढायला कुणी मिळत नाही, अशी सबब सांगितली की ते विचारत, बसलेल्या म्हशीनं कुणाला नाही म्हटलंय का? मोबाईलवर फोटो काढून घरी त्यावरून चित्र करणाऱ्यांवर ते रागवत नसत. फोटो बघत, वही बघत आणि म्हणत, "मोबाईलनं बगितलं ते दिसलं. तू काय बगितलंस?" या प्रश्नाला आमच्यापैकी कुणालाच उत्तर सापडलं नाही, आणि आता वेल्ह्याला मी ज्यांना शिकवते त्या मुलांनाही सापडत नाही.

"वही म्हंजी देव्हारा न्हाई," हेही त्यांचं नेहमीचं वाक्य. "वही म्हंजी पडवी. हितं समदं पडल्यालं आसतं." माझी वही तर खरोखरच पडवी झाली होती. तिच्यावर चहा सांडला होता, हळदीची बोटं उमटली होती, आणि एका पानावर आमच्या कालवडीने पाय दिला होता. सरांना तो खूर फार आवडला. तुझ्यापेक्षा तिची रेघ ठाम आहे, म्हणाले.

बारावी झाली आणि पुण्याच्या एका चित्रकला महाविद्यालयात मुलाखतीचं बोलावणं आलं. चित्रांबरोबर स्केचबुकही आणायचं होतं. आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, म्हणणं साधं होतं. पुण्याला घेतलं तर जा, मी अडवणार नाही. नाही घेतलं तर भोरला कॉमर्सला नाव घालायचं आणि हा विषय पुन्हा घरात काढायचा नाही. दादा एकदा बोलले की बोलले. म्हणजे सगळं त्या एका मुलाखतीवर आलं होतं.

आणि मी एक शहाणपणा केला. माझी ती मळकी वही उघडून बघितली, तर पानोपानी राहिलं, राहिलं, राहिलं. आपल्याच हाताने आपले गुन्हे लिहून परीक्षकांपुढे ठेवल्यासारखं वाटलं मला. मग मी नवी वही आणली आणि आठवडाभर बसून जुन्या वहीतली बरी चित्रं तिच्यात उतरवून काढली. शाळेत निबंधाची कच्ची वही आणि पक्की वही असते ना, तशी पक्की वही. राहिलेले पाय जोडले, शिंगं सरळ केली, शेडिंग घासून घासून मऊ केलं. 'राहिलं' कुठेच लिहिलं नाही. जुनी वही चुलीजवळच्या रद्दीवर टाकली आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी मोठ्या ऐटीत भोरला सरांच्या हातात पक्की वही ठेवली.

सरांनी चार पानं उलटली. मग चित्रांकडे बघायचं सोडून ते पानांचे कोपरे बघायला लागले. कोपऱ्यात आकडे नव्हते.

"जुनी कुठं हाय?"

मी सांगितलं. चुलीजवळ म्हटल्यावर ते उठलेच. रागाने नाही. पायात चपला घातल्या, छत्री घेतली आणि माझ्या आधी स्टँडवर पोचले. आंबवड्याची दुपारची गाडी लागलेली होती.

गाडीत ते खिडकीशी बसले, मी शेजारी. मला रडू येत होतं, आणि एवढं काय चुकलं हे मात्र कळत नव्हतं. सगळीच मुलं चांगलं तेवढं दाखवतात, असं मी चाचरत म्हटलं. तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली, जी त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. ते शिकत असताना त्यांचे वडील आजारी होते. बाजेवर झोपलेल्या वडिलांचं चित्र त्यांनी काढायला घेतलं. सगळं जमलं, नाक जमेना. चिडून त्यांनी पान फाडलं, चुरगाळून फेकून दिलं, उद्या नीट काढू म्हणाले. चार दिवसांत वडील गेले. घरात त्यांचा एक फोटो नव्हता.

"वाईट आसलं तरी माज्या बापाचं नाक व्हतं ते," सर खिडकीबाहेर बघत म्हणाले. "तवापासनं नंबर घालतो."

घरी पोचलो तर आई अंगणात धुणं वाळत घालत होती. मी वही विचारली. आई आत गेली आणि डब्यांच्या फळीवरून वही काढून आणली. पुठ्ठा नव्हता. पहिली आठ पानंही नव्हती. सकाळी पाणी तापवताना तिने तीच लावली होती.

"आठ पानं गेली चुलीत," आई सरांना म्हणाली. "नवव्या पानावर म्याच हाय. सवताला कशी जाळू?"

नवव्या पानावर तांदूळ निवडायला बसलेल्या आईची पाठ होती. खाली माझ्या अक्षरात : राहिलं : बांगड्या. आईने तेही वाचलेलं होतं. राहिल्यात तर आता घाल की, समोर बसते, म्हणाली. मी पेन्सिल शोधायला वळलेही होते. सरांनी अडवलं. त्या दिवशी राहिल्या त्या राहिल्या, उद्या विचारतील तेव्हा तसंच सांग, म्हणाले. चहा घेतला, कालवडीच्या पाठीवरून हात फिरवला आणि परतीच्या गाडीने गेले. पक्की वही मात्र काखेत मारून घेऊन गेले, म्हणजे सकाळी माझी मती पुन्हा फिरायला नको.

मुलाखतीला दोन गृहस्थ आणि एक बाई होत्या. बाईंनी वही हातात घेतली आणि पहिलाच प्रश्न विचारला, ही नऊपासून का सुरू होते? नंबर बोंबलला होता. मी खरं ते सांगितलं : पहिली आठ आईने चुलीत घातली, नवव्या पानावर ती स्वतः निघाली म्हणून थांबली. तिघेही हसले. मग हसणं थांबवून ते नवव्या पानाकडे बघत राहिले. त्यानंतर त्यांनी एकेक पान उलटत शेवटपर्यंत वही पाहिली, 'राहिलं'ची ओळ वाचत आणि ती बरोबर आहे का ते चित्रात शोधत. माझी मोठी रंगीत चित्रं टेबलावर तशीच पडून होती. हे कुणी लिहायला शिकवलं, असं बाईंनी विचारलं. भोरच्या आमच्या सरांनी, म्हटलं.

यादीत नाव लागलं. दादांनी आईला एवढंच सांगितलं, "तुजी पाठ बघून घेतलं तिला."

मी शिकले, वेल्ह्याच्या एका शाळेत चित्रकला शिक्षिका झाले, लाल पेन घेऊन मुलांच्या वह्यांवर आकडे घालू लागले. सर निवृत्त झाले. मी अधूनमधून भोरला गेले की भेट व्हायची, आणि दर वेळी ते माझी वही मागायचे. मध्ये ऐकलं की त्यांना कंपवाताचं निदान झालंय. भेटायला जायचं जायचं म्हणत मी लांबवत राहिले. याची मला आजही लाज वाटते.

मग एक दिवस काकूंचा फोन आला. काकू म्हणजे सरांच्या पत्नी, कधी कशाची तक्रार न करणाऱ्या. त्या म्हणाल्या, "नंदा, येऊन जा गं एकदा. हे पानं फाडायला लागलेत."

दुखणं ऐकून धस्स झालं नव्हतं, तेवढं हे ऐकून झालं.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. मांडीवर वही, तिच्यात एकही आकडा नाही. उजवा हात थरथरत होता आणि डाव्या हाताने ते तो दाबून धरू पाहत होते. खुर्चीखाली कागदांचे बोळे पडले होते. मला बघून ते हसले, पण वही मागितली नाही. रेघ निघते, पण ती आपली वाटत नाही, दुसऱ्याच कुणाची तरी वाटते, असं काहीसं म्हणाले.

मी एक बोळा उचलून गुडघ्यावर सरळ केला. काकूंचं चित्र होतं, भाजी निवडतानाचं. रेघ जागोजागी थरथरलेली, पदराचा काठ कुठल्या कुठे गेलेला. पण काकूंची मान डावीकडे जशी कलते, तशीच कललेली होती. हात दुखण्याने नेला होता, डोळा जिथल्या तिथे होता. मला फार रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदम.

"सर," मी म्हटलं, "वडिलांचं नाक विसरलात तुम्ही."

मी त्यांच्या मांडीवरची वही घेतली, पर्समधून लाल पेन काढलं आणि उरलेल्या पानांवर आकडे घालायला लागले. एक, दोन, तीन. खोलीत तेवढाच आवाज. दारात काकू उभ्या होत्या. सर माझ्या हाताकडे बघत होते, मी एके काळी त्यांच्या हाताकडे बघत होते तसे. चाळिसापाशी माझे डोळे भरून आले, पुढचं दिसेना, म्हणून थांबले.

"थांबलीस का?" सर म्हणाले. "फुडं हायेत की पानं."

बासष्ट पानं भरली. वही परत त्यांच्या मांडीवर ठेवताना मी म्हटलं, पान फाडलं की नंबर बोंबलतो. माझंच मला शिकवतीस व्हय, म्हणाले, आणि खूप दिवसांनी त्यांनी माझी वही मागितली.

महिन्याभराने मी पुन्हा भेटायला गेले. सर झोपले होते. काकूंनी वही आणून दिली. मी आधी चित्रं पाहिलीच नाहीत, कोपरे पाहिले. एक ते बासष्ट, सगळे आकडे जागेवर होते. मग पहिल्यापासून बघायला लागले. खिडकीचे गज, औषधाची बाटली, समोरच्या घराची कौलं. रेघ सगळीकडे थरथरतच होती. अकराव्या पानावर काकू होत्या, मान कललेली. खाली खूप कष्टाने लिहिलेलं, वाकडंतिकडं : राहिलं : डावा कान. उद्या.

मी पान उलटलं. बाराव्या पानावर मधोमध एकच कान होता, कुडीसकट. खाली 'राहिलं' लिहिलं होतं, आणि पुढची जागा मोकळी होती.