साळुंकीचे पिवळे पाय

पेंढा भरलेला पक्षी वाळला की पिसं तशीच राहतात, पण चोच, पाय आणि डोळ्याभोवतीची कातडी यांचा रंग पार उडतो. सगळं सुक्या काडीसारखं तपकिरी होतं. तो गेलेला रंग परत आणायचा, हे काकांचं जन्माचं काम. अगदी पातळ रंगाचा एक हात, तो वाळला की दुसरा, मग स्पंजाने हलकेच टिपायचं. पायावरच्या खवल्यांच्या रेघा बुजता कामा नयेत. "रंग लावलाय असं दिसलं की पक्ष्याचं खेळणं झालं," काका म्हणत.

त्या दिवशी टेबलावर साळुंकी होती. संग्रहालयाचे साहेब दुपारी न्यायला येणार होते. मागच्या बदकांच्या चोची फिकट आल्या म्हणून त्यांनी नाक मुरडलं होतं. हीसुद्धा तशीच निघाली, तर काकांचं काम बंद, हे काकूंना पक्कं ठाऊक होतं.

पायांना एकच हात देऊन काकांनी ब्रश ठेवला. "झाली बघ! पिवळीधमक."

काकूंना पाय तपकिरीच दिसत होते. मोतीबिंदूमुळे काकांना सगळंच पिवळं दिसायचं. त्यात डोळ्याचा मागचा पडदा गेलाय, ऑपरेशनचा उपयोग नाही, असं डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. काकांना त्या एवढंच म्हणाल्या होत्या, "मोतीबिंदू अजून पिकू दे म्हणालेत."

काका अंघोळीला गेले. काकूंनी देवाचं नाव घेऊन ब्रश उचलला. इतकी वर्षं बघतेय, त्यात काय एवढं! पण रंग पातळ करायचाच राहिला. खवले बुजले, पाय मेणबत्तीसारखे गुळगुळीत झाले. घाबरून टर्पेंटाइनचा बोळा फिरवला, तर काकांनी दिलेला रंगाचा हातही निघून आला.

"काय चाललंय तुझं?" काका दारात उभे.

"काही नाही, धूळ पुसत होते."

"टर्पेंटाइनने?"

काकूंनी बोळा पदराआड लपवला.

"बोल की. एरवी तर तोंडाला उसंत नसते."

"रंग दिसतच नव्हता हो. म्हणून मी लावायला गेले, नि सगळाच निघाला."

काकांनी साळुंकी खिडकीशी नेली, उलटसुलट करून पाहिली. "मला तर अजून पिवळेच दिसतायत," ते हळूच म्हणाले. "डॉक्टर खरं काय म्हणाले गं?"

काकूंनी पदराने डोळे पुसले.

"बरं. तू सांग, मी लावतो. कसला पिवळा हवा?"

"पिवळा... म्हणजे साळुंकीसारखा."

"वा! कळलं हो अगदी," म्हणून काका हसले, तेवढ्यात बेल वाजली.

साहेब आत आले. काकांनी पक्षी त्यांच्या पुढ्यात ठेवला. "पाय कोरे राहिलेत. ज्याला दिसतं, त्याच्याकडून करून घ्या आता."

"अहो काका..." साहेब खुर्चीच्या कडेवर टेकले.

काकू खोका आणायला आत गेल्या. वाटेत सवयीने देवापुढे थांबल्या, हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना.