आई गुरुवारी अंधेरीला जायची

आई गेल्याचं मला प्रणालीनं सांगितलं. सहा आठवडे झाले, तरी या एका गोष्टीची सल जात नाही. पवईच्या हॉस्पिटलात मी सीटी स्कॅनच्या ड्युटीवर होते, मोबाइल लॉकरमध्ये. तिनं विभागाच्या फोनवर फोन लावला. "वैशू, मावशी गेली गं... आत्ता. इथं माझ्या सेंटरवर, खुर्चीत बसल्या बसल्या. समोरच्या डॉक्टरांना बोलावलं, पण..." प्रणाली माझी कॉलेजातली मैत्रीण. अंधेरीच्या एका सेंटरमध्ये एक्स-रे काढते. आणि ती जिला मावशी म्हणत होती, ती माझी आई. लगेच रडू आलंच नाही मला. आधी मनात आलं, शेवटच्या वेळी आईजवळ ही होती. मी नव्हते. लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

आई घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे विभागात आया होती. पेशंटला चाकाच्या खुर्चीतून आणायचं, दागिने, बटणं काढून घ्यायची, टेबलावर झोपवायचं, फोटो झाला की उठवायचं, हे तिचं काम. बावीस वर्षं केलं. बारावीनंतर मी रेडिओग्राफीच्या डिग्रीला गेले ते तिच्याच सांगण्यावरून. "पेशंट उचलायला आम्ही असतो गो, तू बटण दाबणारी हो," म्हणायची. दुसऱ्या वर्षी आमच्या बॅचची प्रॅक्टिकल पोस्टिंग नेमकी तिच्याच विभागात लागली. पहिल्या दिवशी सकाळी डबा भरता भरता मी तिला म्हटलं, "आई, तिथं मला हाक मारू नकोस हं." तिनं पोळी दुमडून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "बरं." एवढंच. विभागात गेल्यावर तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बाकीच्या मुलींना म्हणाली तशीच मलाही म्हणाली, "ताई, ॲप्रन तिकडे टांगलेत." विभागातल्या दोन-तीन जुन्या माणसांना ठाऊक होतं. त्यांनाही तिनंच गप्प केलं असणार. मला मात्र हायसं वाटलं होतं...

पुस्तकात मी पुढे होते. कुठल्या हाडाला किती केव्ही, किती एमएएस, म्हणजे किरणांचा जोर आणि मात्रा किती, एक्स-रेची नळी किती अंशात तिरपी करायची, सगळं तोंडपाठ. प्रणाली खारदांड्याची, कोळ्यांची पोर, आवाज मोठा, इंग्रजी पुस्तकाशी तिचं रोजचं भांडण. पण पेशंट समोर आला की माझी वाट लागायची. एकदा खांदा दुखावलेले एक काका आले. "हात बाजूला घ्या, अजून घ्या," असं मी तीनदा म्हटलं, शेवटी हात धरून ओढला. ते ओरडले, फोटो हलला. पुन्हा काढला, तोही हलला. सर बाहेरून म्हणाले, "त्यांना किरणांचा आणखी किती डोस देणार आहेस?" मी बाजूला झाले आणि सरांनी प्रणालीला पुढे केलं. तिनं फोटो काढायच्या आधी दारात उभ्या आईला विचारलं, "मावशी, तुम्ही यांना झोपवलंत तेव्हा ते ओरडले नाहीत. काय करता तुम्ही?"

आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुखरा हात आधी धरू नये. चांगल्या हाताला हात लावायचा, जरा बोलायचं. मग माणूस दुखरा आपणहून पुढे करतो." प्रणालीनं तसं केलं. काकांनी हात पुढे केला. स्क्रीनवर खांदा असा स्वच्छ उमटला की सरांनी सगळ्यांना बोलावून दाखवला. मी मागे उभी राहून बघत होते. माझ्या घरातली गोष्ट होती ती. मला ती कधीही विचारता आली असती.

त्यानंतर दुपारी काम कमी असलं की दोघींची शाळाच भरायची. आई तिला टेबलावर आडवी करायची. "बघ किती गार लागतं पाठीला. पेशंटला सांगत जा आधी, गार लागेल म्हणून." छातीच्या फोटोला 'श्वास रोखा' म्हणताना आपणही श्वास रोखायचा, म्हणजे म्हाताऱ्या माणसाला किती जड जातं ते कळतं, हेही आईनं तिलाच शिकवलं. मी काचेमागे रजिस्टर उघडून बसायची आणि सगळं ऐकायची. आईचा तो आवाज मला घरी ऐकू येत नसे. घरी ती दमून येई, मी अभ्यासात असे. प्रणाली हळूहळू 'तुम्ही'वरून 'तू'वर आली. आई तिच्यासाठी डब्यात जास्तीचं घावन घालायची. मी तेही मोजायची.

शेवटच्या वर्षी प्रॅक्टिकलला प्रणाली पहिली आली, मी दुसरी. सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "पोझिशनिंग कुणाकडून शिकलीस गं?" तिनं सरळ दाराकडे बोट दाखवलं. "मावशीकडून, सर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनं पदर तोंडाला लावला, लाजली. तेव्हा मला नुसतं तोंड उघडायचं होतं. ती माझी आई आहे, चार शब्द. मीही टाळ्या वाजवल्या.

निकालानंतर प्रणाली पापलेट घेऊन आमच्या दारात आली. मावशीचा पत्ता तिनं विभागातून घेतला होता. दार मी उघडलं.

"तू काय करतेस इथं?"

"राहते."

ती माझ्याकडे, मग आत आईकडे, मग भिंतीवरच्या माझ्या शाळेतल्या फोटोकडे बघत राहिली. नेहमीसारखी ओरडली नाही. "अगं, मग मला मावशी कशी म्हणू दिलीस एवढे दिवस?" तेवढ्यात आतून आई आनंदानं म्हणाली, "कोण, प्रणाली? ये गो बाय, ये!" त्या दिवशी कालवण झकास झालं होतं. मी दोन घास खाऊन उठले.

रिटायर झाल्यावर आई दर गुरुवारी मेट्रोनं अंधेरीला जाऊ लागली, प्रणालीच्या सेंटरवर. एकदा मी वैतागून विचारलंच, "तुझं काय काम असतं तिथं?"

"काही नाही. बसते. म्हातारी माणसं घाबरलेली असतात, त्यांच्याशी बोलते."

"माझ्याकडे पवईला मात्र कधी आली नाहीस."

भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "तू बोलावलं नाहीस. आणि आले असते तर तुला हाक मारायची की नाही, हे मला कसं कळणार?" ती रागावून नव्हती बोलली, खरंच विचारत होती... मी 'काहीतरीच तुझं' म्हणून उठून गेले. नंतरही बोलावलं नाही. उद्या, पुढच्या महिन्यात, करत राहिले.

गेल्या आठवड्यात मी पहिल्यांदा त्या सेंटरवर गेले. एक्स-रेच्या खोलीत टेबलाच्या कडेला पाच-सहा छोट्या पिशव्या ओळीनं ठेवलेल्या होत्या. हातपाय हलू नयेत म्हणून टेकू देतो त्या वाळूच्या पिशव्या. पण या पिशव्यांना कापडाचे अभ्रे होते, हातानं शिवलेले. "प्लास्टिक गार लागतं म्हणाली, म्हणून शिवून आणले," प्रणाली म्हणाली. एक अभ्रा आईच्या मोरपिशी साडीचा होता. ती साडी कुठे गेली म्हणून मी कपाट धुंडाळलं होतं. मी पिशवी उचलून छातीशी धरली. "ने ना," प्रणाली म्हणाली. तिनं एवढ्या सहज म्हटलं याचाही मला राग आला. ती पिशवी द्यायचा हक्क तिचा होता.

तेवढ्यात गुडघ्याच्या फोटोसाठी एक आजोबा आले. प्रणालीनं त्यांना झोपवलं आणि हात पुढे केला. मी पिशवी दिली. तिनं ती त्यांच्या घोट्याला लावली. आजोबांनी विचारलं, "गुरुवारच्या बाई आल्या नाहीत?" प्रणालीनं हळू आवाजात सांगितलं. ते तिच्या हातावर थोपटत म्हणाले, "आई होती ना तुझी? नशीबवान हो, अशी आई..."

प्रणाली माझ्याकडे बघत थांबली.

"तिची नाही," मी म्हटलं. "माझी. माझी आई होती ती." आवाज नको तेवढा मोठा निघाला. आजोबा दचकले, त्यांचा पाय हलला. प्रणालीनं त्यांना दोन शब्द बोलून शांत केलं, पिशवी पुन्हा घोट्याशी सरकवली, आणि आम्ही दोघी काचेमागे गेलो.