सेफ्टी बूट घालून कॅसिनोच्या दारात

१० फेब्रुवारी, सकाळचे ११ वाजून २० मिनिटे. दुर्ग स्टेशनच्या बाकावर बसून मी दोघांची तिकिटे तिसऱ्यांदा तपासत होतो. शेजारी वामनकाका पोळी-ठेच्याचा डबा गाडी यायच्या आतच उघडून बसले होते.

"अबे, तिकीट पाहून पाहून त्याची शाई उडवशील," काका म्हणाले.

काका आमच्या भिलाईच्या ठेकेदाराकडचे जुने मिस्त्री. फाटलेल्या कन्व्हेयर बेल्टला जोड मारणे हे त्यांचे काम, आणि मी त्यांचा मदतनीस. बारावी अर्धी सोडली, पण हिशेब चोख ठेवतो, म्हणून दोघांचा भत्ता ठेकेदाराने माझ्याच हाती दिला. रोजचे माणशी चारशे, राहायची सोय आणि गाडीची तिकिटे वेगळी. काम गोव्यात, पणजीबाहेरच्या एका कारखान्यात.

भत्ता वाचवायचा, हे मी घरूनच ठरवून निघालो होतो. त्यामागचे कारण काकांना सांगितले नव्हते. माझ्या आईने समुद्र पाहिलेला नाही. बाबा भिलाईच्या स्टील प्लांटच्या सहलीत एकदा विशाखापट्टणमला जाऊन आले आणि तेव्हापासून तिला सांगत असतात, "आपली शिवनाथ नदीच समज, फक्त पलीकडचा काठ नाई." आई ऐकते आणि भाजी निवडते. मला तिला समुद्रावर स्वतः न्यायचे होते.

नागपूरला गाडी बदलून मडगावला उतरलो. तिथून पणजीला सरकारी शटल बस आहे. तिकीट खिडकीवर काढायचे, बस मधे थांबत नाही, भाडे साठ रुपये. टॅक्सीवाले मागे लागतात, त्यांच्याकडे बघू नका. नाश्त्याला भाजी-पाव घ्या. वाटीत पातळ भाजी, सोबत गरम पाव, आणि पोट दुपारपर्यंत गप्प राहते. दुपारी आम्हाला कारखान्याची कॅन्टीन होती.

दोन दिवस बेल्टपाशीच गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मांडवीच्या काठावर फिरायला गेलो, तर नदीत इमारतीएवढ्या बोटी उभ्या, सगळ्या दिव्यांनी मढलेल्या. त्या कॅसिनोच्या बोटी. काका बघतच राहिले.

"एकदा आतून पाहू बे. खेळाचं नाई, नुसतं पाहाचं. खाणंपिणं त्यातच हाये म्हणते."

"काका, माणशी अडीच हजार लिहिलं हाये."

"कावून एवढा कंजूस झाला बे तू? लग्न जमून राहिलं का?"

 त्या दिवशी सुटलो ते चपलांमुळे. धक्क्यावरच्या सुरक्षारक्षकाने आमच्या पायांकडे पाहून सांगितले, चप्पल चालत नाही, बूट पाहिजेत.

"बूट हायेत ना आपल्याजवळ!" काका म्हणाले.

तिसऱ्या दिवशी जोड तयार झाला. बेल्ट रिकामा चालवला, मग माल टाकून चालवला. जोड हलला नाही. काका खूश. संध्याकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, भिलाईहून आणलेले सेफ्टी बूट पुसून आम्ही पुन्हा धक्क्यावर हजर. सवयीने मी रक्षकासमोर प्लांटचा गेटपास धरला. त्याने तो उलटसुलट पाहून परत दिला. काका तपासणीच्या चौकटीतून गेले आणि चौकट कोकलायला लागली. पट्टा काढला, किल्ल्या काढल्या, तरी तेच. शेवटी त्याने बुटाच्या टोकावर टकटक केले.

"अंकल, इसमें क्या है?"

"लोहा."

"जूते में लोहा?"

"पाँव पे लोहा गिरता है ना, इसलिए."

"यहाँ कुछ नहीं गिरता, अंकल."

मागची रांग हसली. रक्षकही हसला, पण त्याने वाईट वागवले नाही. बूट काढून तपासून घ्या, मग आत जा, म्हणाला. काका एका पायावर उभे राहून नाडी सोडू लागले. मोज्यातून अंगठा बाहेर आलेला.

"पैसे काढून ठेव बे."

माझा हात खिशात गेला आणि तिथेच राहिला. बाजूला नेऊन मी काकांना आईचे सगळे सांगितले. 

 काकांनी खाली बसून नाडी पुन्हा बांधली. "कालपासून तुले कंजूस म्हणून राहिलो मी. आधी सांगता येत नव्हतं का, लेका?"

रक्षकाने सगळे ऐकले असावे. "फेरी में बैठो. फ्री है. वहीं से सब दिखता है," म्हणाला.

खरेच आहे. पणजी ते बेती फेरीबोट चालत जाणाऱ्याला फुकट. कॅसिनोच्या दिव्यांसमोरून जाते, दहा मिनिटांत पलीकडे. आम्ही तीनदा गेलो-आलो. काका कठड्याला टेकून प्रत्येक बोटीला हात दाखवत होते. मी आईला व्हिडिओ कॉल लावला.

"पलीकडचा काठ दिसून राहिला ना," आई लगेच म्हणाली. "हा समुद्र नोहे."

"नदी हाये, आई. समुद्र उद्या दाखवतो."

सकाळी आम्ही मिरामारला चालत गेलो. पुळणीवर उभा राहून फोन लावला. लाटांचा आवाज ऐकताच आई ओरडली, "बंद कर! सगळा फोनातच दाखवशील, तर मी तिथं येऊन काय पाहू?"

मी फोन उलटा करून छातीशी धरला. काका तोंड फिरवून हसत होते.

घरी येऊन आठवडा झाला. बाबा आता शिवनाथचे उदाहरण देत नाहीत, गाड्यांच्या वेळा विचारतात. हिशेब असा: आठ दिवसांचा माझा भत्ता ३,२००. बस १२०, खाणे १,०१०, घरी आणलेले काजू १८०, फेरी शून्य, कॅसिनो शून्य. उरले १,८९०. यात आईचे आणि माझे जाण्याचे स्लीपर तिकीट निघते. परतीच्या तिकिटाचे पैसे अजून जमायचे आहेत, असे आईला सांगितले.

"जाऊ तर दे आधी," ती म्हणाली, आणि माळ्यावरची बॅग काढायला स्टूल घेऊन आली.