क्लबची हेडबाई

“रडायचं असेल तर फोन ठेवून रड ना गं बाई, माझी लाइन अडते!”

हेडबाईने रिसीव्हरवर तळवा ठेवून हे मराठीत म्हटलं. मग तळवा काढून मधाळ इंग्रजीत पलीकडच्या बाईला सांगितलं, की अमुक माणूस आमचा मेंबर आहे किंवा नाही, यातलं काहीच आम्ही सांगू शकत नाही. माझा तो पहिला दिवस. ती बाई नवऱ्याला शोधत होती. नवरा काचेपलीकडे बसून बिअर पीत होता.

सिडनीत पॅरामाटाजवळचा तो प्रौढांचा मेंबर्स क्लब. खाली बार आणि नाच, वर बंद दारं. दुपारची मेंबरशिपची कामं हेडबाई बघायची. फार पूर्वी ती नाशिकहून शिकायला आली होती. शिक्षण सुटलं, ती राहिली. मुख्याध्यापिकेसारखा दरारा, म्हणून मनातल्या मनात मी तिला हे नाव दिलेलं. तोंडावर ताईच. मला निवडलं तेही माझ्या गप्पपणासाठी. “इंग्लिश मीडियमच्या पोरी फी भरून तोंडाला कुलूप लावून घेतात,” ती म्हणाली. “बरंय. मला कुलूपच हवंय.” फोन घ्यायला तिने मला मागच्या खोलीत बसवलं. तिथून मला सगळे दिसायचे, मी कुणालाच दिसायचे नाही.

नवा मेंबर घेताना ती माणसाला सोलून काढायची. एका मराठी इंजिनिअरने डोळा मारून विचारलं, “आपल्यातले अजून कोण कोण येतात?”

“तुझ्यासारखे पुष्कळ,” ती म्हणाली. “म्हणून तुला मेंबरशिप नाही. नेक्स्ट!” मागे उभे असलेले त्याचेच मित्र फिदीफिदी हसले. ती त्यांच्याकडे वळली. “तुम्हालाही नाही.”

आत पाहिलेला माणूस बाहेर ओळखायचा नाही, हा तिचा धर्म. हॅरिस पार्कला, आपल्या लोकांच्या वस्तीत, मिठाईच्या दुकानात एका जुन्या मेंबरने लाडात येऊन तिला “हॅलो!” केलं. “कोण आपण?” असं तिने इतक्या मोठ्याने विचारलं की अख्खी रांग वळून बघायला लागली. त्याची बायको तर सगळ्यात आधी. शिवाय महिनाभर त्याला क्लबमध्ये प्रवेश बंद. नियम त्यालाही होता, म्हणे.

मला मात्र ती रोज टूनगॅबीला गाडीने सोडायची. घरापर्यंत नाही, दोन गल्ल्या अलीकडे. “तुझ्या घरमालकिणीने मला पाहिलं तर तुझी खोली गेली म्हणून समज.” घरमालकीण म्हणजे काकू. त्यांचे यजमान काका आमचेच मेंबर निघाले. त्यांचा फोटो माझ्या स्क्रीनवर आला तेव्हा मी तडक हेडबाईकडे गेले. “घरी काका म्हणायचं, इथे नंबर,” ती म्हणाली. “आणि जेवताना त्यांच्याकडे बघू नकोस. तोंड गप्प असलं तरी तुझा चेहरा फार बोलतो.”

मग मला फ्लू झाला. फोन उचलायचंही त्राण नव्हतं. रविवारी दुपारी काकूंकडे पाहुणे जेवत असताना बेल वाजली. मी जिन्यावरून पाहिलं. दारात हेडबाई, हातात स्टीलचा डबा.

“टिफिनची डिलिव्हरी,” तिने काकूंना सांगितलं. “मुगाची खिचडी. वरच्या मुलीने मागवलीय.”

कोण आलंय बघायला काका आले आणि पांढरेफटक पडले. ती आपल्यालाच गाठायला आली, असं त्यांना वाटलं असणार. म्हणून त्यांनी आधी वार केला.

“टिफिन कसला! ही ती क्लबवाली. ऑफिसमधली पोरं सांगतात ना, बायका पुरवते.”

“आता होम डिलिव्हरी पण?” एक पाहुणा म्हणाला. टेबल हसलं. काका सगळ्यात मोठ्याने.

तिने एक शब्द टाकला असता तर तो माणूस तिथेच संपला असता. “तुमची काहीतरी गल्लत होतेय, सर,” ती म्हणाली. “आपण कधी भेटलेलो नाही.”

काकूंनी डबा तिच्या हातून ओढला आणि बाहेरच्या लाल झाकणाच्या कचऱ्याच्या बिनमध्ये उपडा केला.

“डबा तेवढा परत द्या,” हेडबाई म्हणाली. “मालकाचा आहे.”

काकू माझ्याकडे वळल्या. “काय गं, ओळखतेस तू हिला?”

“नाही हो, मी आज पहिल्यांदाच आलेय,” हेडबाई माझ्याकडे न बघताच म्हणाली. मी नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं.

मी डोलावली नाही. मी जे बोलले त्याने माझी खोली गेली, त्याच संध्याकाळी. नोकरी दुसऱ्या दिवशी हेडबाईने काढून घेतली. “तू आमच्याकडे असतेस हे कळल्यावर ती काकू तुझ्याकडून नवऱ्याचं सगळं काढून घेईल. माझ्या मायेपायी मेंबर उघडा पाडशील तू. कोणी सांगितलं होतं?” नवी खोली तिनेच शोधून दिली, माझ्या बॅगाही तिनेच वर चढवल्या. तेव्हापासून कधी स्टेशनवर समोर आली तर माझ्यातून आरपार बघत निघून जाते. एकदा मी हाक मारली. ती थांबली नाही.

तरी ते वाक्य मला परत घ्यायचं नाही. घसा बसलेला, कठडा घट्ट धरलेला; पण शेवटच्या पाहुण्यालाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी म्हणाले, “हो, ओळखते. ह्या माझ्या ताई आहेत. मी ह्यांच्याकडेच काम करते.”