चौथ्या मजल्यावरचं प्रकरण

आमच्या इमारतीत एके काळी अशी कुजबुज होती, की लिफ्ट दुरुस्त करायला येणारा मिस्त्रीच लिफ्ट बिघडवून ठेवतो, आणि तेही चौथ्या मजल्यावरच्या चष्मेवाल्या बाईंसाठी.

पुरावा भक्कम होता. लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या खोलीत, सातव्या मजल्याच्याही वर. लिफ्ट बंद, म्हणूनच तर मिस्त्रीला बोलावलेलं. तेव्हा तो बिचारा जिन्याने. लिफ्टवाल्याइतके जिने जगात कुणी चढत नसेल. तर हा चौथ्या मजल्यावर आला की हत्यारांची पिशवी खाली ठेवायचा आणि बाईंच्या दारासमोर पायरीवर बसायचा. चेहरा लाल, हात छातीवर, नजर कुठेतरी लांब. "ही लक्षणं प्रेमाची नाहीत तर कशाची?" असं पहिल्या मजल्यावरच्या सेक्रेटरीणबाई विचारायच्या. लग्नाआधी यजमानांना त्यांनी याच अवस्थेत पाहिलं होतं म्हणे. यजमानांना तेव्हा टायफॉइड झाला होता, ती गोष्ट वेगळी.

मी राहायचो तिसऱ्या मजल्यावर, म्हणजे बातमीपासून एकच जिना खाली. बाई चष्म्यांच्या दुकानात दुपारपासून कामाला, सकाळी घरी. एकटी बाई, इमारतीच्या मीटिंगला येत नाही, आणि वर हसतमुख. एवढ्या गुन्ह्यांवर कुणालाही शिक्षा झाली असती.

मिस्त्रीचं खरं दुखणं शर्टाच्या आत होतं. उंच, काटकुळा, खांदे पुढे आलेले. शर्ट गळ्यापर्यंत बंद आणि आत घडी घातलेला पंचा. कारण छातीच्या मधोमध खड्डा. ओल्या मातीत कुणी मूठ दाबून काढून घ्यावी, तसा. जन्मापासूनचा. आई म्हणायची, मोठा झालास की भरेल. तो मोठा झाला, खड्डाही मोठा झाला. मधलं हाड आत गेलेलं, त्यामुळे हृदय बिचारं डावीकडे कोपऱ्यात सरकून, भाडेकरूने चिडचिड्या घरमालकासमोर बसावं तसं अंग चोरून बसलेलं. सपाटीवर काही कळायचं नाही. जिना आला की कळायचं.

आता तुम्ही म्हणाल, मग सांगून टाकायचं लोकांना. तिथेच तर मेख होती. लिफ्टच्या कंपनीत चारित्र्य कुणी तपासत नसे, छाती तपासत. ज्याला दम लागतो त्याला लिफ्टच्या खोल विहिरीत उतरवत नाहीत, घरी पाठवतात. म्हणजे बदफैली म्हणून नोकरी टिकत होती, आजारी म्हणून गेली असती. मिस्त्रीने मुकाट्याने बदफैली होणं पत्करलं.

तरी सरळ माणूस. एकदा बाई दार उघडून पाणी द्यायला आल्या तेव्हा त्याने विषय काढलाच. हे सगळं पुढे त्यानेच मला चहा पिता पिता सांगितलं.

"बाई, लोक बोलतात. उद्यापासून मी तिसऱ्यावर बसत जाईन."

"तिसऱ्यावर दम लागतो का?"

"नाही. लागतो चौथ्यावरच."

"मग चौथ्यावरच बसा. आणि लोकांचं म्हणाल, तर माझ्या वहिनीने स्थळं आणणं बंद केलंय या महिन्यापासून. तुमचे उपकारच आहेत."

पण सेक्रेटरींना इमारतीच्या अब्रूची काळजी. त्यांनी कंपनीत तक्रार केली. साहेबांनी मिस्त्रीला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे गोल, गुळगुळीत, खुर्चीला चिकटलेला माणूस.

"काय रे, चौथ्या मजल्यावर तुझं लफडं आहे म्हणतात?"

मिस्त्री म्हणाला, "आहे, साहेब."

साहेबांचा जीव भांड्यात पडला. "असं होय! मला वाटलं, तब्येतीचं काही आहे की काय. मागे एकाला दमा निघाला, काढावा लागला. हे ठीक आहे. फक्त कंपनीचे कपडे अंगावर असताना नको."

ही बातमी घरी पोचायला असा किती वेळ लागणार? बायकोला खड्डा लग्नापासून ठाऊक. ती रडलीबिडली नाही. भाकरीचं पीठ मळावं तशा ठसक्यात म्हणाली, "अहो, साहेबासमोर मला सवत करून आलात म्हणे. ती सवत म्हणजे तुमच्या छातीतला खड्डा आहे, हे त्याला सांगितलंत का?"

"सांगितलं तर नोकरी जाईल."

"आणि वर यंत्राच्या खोलीत चक्कर येऊन पडलात तर? तेव्हा नोकरी राहील, तुम्ही जाल. मला नोकरीशी संसार करायचा नाही."

चक्कर एकदा येऊन गेली होती. ते त्याने तिला सांगितलं नव्हतं. तिने ओळखलं होतं.

मग मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे तोंडाला मुखवटा आणि नळी लावून सायकल चालवायला लावली. सायकल जागची हलत नाही, माणूस मात्र घामाघूम. डॉक्टर म्हणाले, हाडाखालून पोलादाची वाकवलेली पट्टी सरकवू, ती हाड पुढे उचलून धरेल, काही वर्षांनी काढून टाकू. बायकोचा भाऊ सोबत होता. हा मेहुणा म्हणजे सगळ्या विषयांतला जाणकार. त्याने विचारलं, "म्हणजे जॅकच लावताय की गाडीला." डॉक्टर हसले, आणि तेव्हापासून मेहुणा आपण ऑपरेशनात भाग घेतला असं समजू लागला.

मिस्त्रीने रजा घेतली ती दवाखान्याच्या कागदानिशी, बायकोच्या हट्टाने. कंपनीला कळलं. इमारतीला मात्र अर्धंच कळलं: मिस्त्री दवाखान्यात, छातीवर टाके. संध्याकाळपर्यंत निदान पक्कं झालं, की बाईंच्या भावाने सुरा मारला. बाईंचा भाऊ पापभीरू, पेन्सिलीला टोक काढताना बोट कापून घेणारा. पण पराचा कावळा व्हायला पर तरी लागतो, आमच्याकडे तेवढाही लागायचा नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस वाईट गेले. छाती पुढे आली, पण श्वास पहिल्यापेक्षा आखूड. खोकता येईना, कुशीवर वळता येईना, हसलं तर जीव जाई. म्हणून बायकोने मेहुण्याला बोलायची बंदी केली. तो रोज येऊन तोंड घट्ट मिटून पलंगासमोर बसायचा, गाल फुगवून. ते पाहून मिस्त्रीला जास्तच हसू यायचं. शेवटी त्याला येण्याचीच बंदी केली.

काही महिन्यांनी पुन्हा तपासणी. नळीत फुंकून फुप्फुसं मोजली. आकडा जवळपास तोच, उलट किंचित कमी. मेहुणा खवळला. "डॉक्टर, एवढी चिरफाड केली आणि हवा वाढली नाही थेंबभरही?"

"पट्टी आत असेपर्यंत छाती जरा आखडलेलीच राहते," डॉक्टर म्हणाले. "पण हे बघा, दुखणं मुख्यतः हवेचं नव्हतं, जागेचं होतं. हृदयाला कोपऱ्यातून उठवून ऐसपैस बसवलंय. एका ठोक्यात आता जास्त रक्त ढकलतंय. सगळ्यांनाच इतका फरक पडतो असं नाही. यांना पडलाय. सायकलवर बघा."

सायकलवर तो पहिल्यापेक्षा बराच वेळ टिकला. मेहुणा म्हणाला, "ते ठीक आहे, पण सायकल म्हणजे जिना नव्हे." आयुष्यात तो पहिल्यांदाच मुद्द्याचं बोलला होता. कारण कंपनीचे साहेबही नेमकं हेच म्हणत होते. कागद त्यांना चालेना. पिशवीसकट सगळ्यात उंच इमारत त्यांच्या डोळ्यांदेखत न थांबता चढून दाखव, नाहीतर हिशेब घेऊन घरी जा.

सगळ्यात उंच इमारत आमची. आणि लिफ्ट अर्थातच बंद होती.

त्या सकाळी प्रत्येक मजल्यावर माणसं उभी. कुणी कचरा टाकायला, कुणी चपला झटकायला, सेक्रेटरीणबाई एक रोपटं घेऊन, जे त्यांच्याकडे कधीच नव्हतं. मिस्त्री निघाला, मागोमाग साहेब. बायको खालीच थांबली, कठड्याला धरून, वर न बघता. दुसरा गेला, तिसरा गेला. माझ्या दारावरून जाताना त्याचा श्वास ऐकू आला, जोरात पण सरळ, करवतीसारखा. चौथ्यावर सगळ्यांनी माना लांब केल्या. बाई दारात उभ्या होत्या, हातात पाण्याचा ग्लास. मिस्त्री म्हणाला, "आज नको, बाई," आणि पुढे गेला. पाचवा, सहावा, सातवा, गच्ची. वरून त्याची हाक आली, "साहेब, पोचलो."

साहेब चौथ्या मजल्यावर पायरीवर बसले होते, बाईंच्या दारासमोर. चेहरा लाल, हात छातीवर, नजर लांब. बाईंनी ग्लास त्यांना दिला.

नोकरी राहिली. साहेबांनी खाली उतरल्यावर मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली, ती हळूच मारा असं बायकोने बजावलं. आणि जेवणवेळेपर्यंत इमारतीचा निकाल लागला होता: बाईंनी मिस्त्रीला सोडलं आणि थेट साहेबाला धरलं, बढतीच म्हणायची.

आता खरं काय ते सांगतो. मिस्त्रीचं आणि चष्मेवाल्या बाईंचं काहीही नव्हतं. त्याच्या छातीचं हाड हृदयावर दाबत होतं आणि चौथ्या मजल्यावर त्याला दम लागत होता. लिफ्ट तो बिघडवत नसे. सेक्रेटरींच्या घरची माणसं सामान चढवताना लिफ्टच्या दारात स्टूल अडकवून ठेवत, त्याने दाराचा खटका वाकायचा आणि लिफ्ट बंद पडायची.